सात वाजताची नावं

पळसवाणी काहून बंद पडली, हे मानोऱ्यात कोणालाही विचारा, उत्तर तयार आहे. चहाच्या टपरीवर विचारलं तर टॉवरवर वीज पडली. पडली होती, पण बंद व्हायच्या दोन वर्षं आधी, आणि चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा सुरू झालो होतो. बसस्टँडवर विचारलं तर मोबाइलनं खाल्ली. माझे अब्बा, अशफाकभाई गादीवाले, यांना विचारलं तर ते गादीत कापूस भरता भरता मानही वर न करता सांगतील, "नजर लगी." आणि मला? मला कोणी विचारलंच नाही. आठ वर्षं त्या रेडिओच्या माइकसमोर मी बसले, नाजिश नाव माझं, सगळा तालुका आवाजावरून ओळखायचा. पण लोकांचं डोस्कं असंच चालतं. ज्याला ठाऊक, त्याला सोडून बाकी दुनियेला विचारतील.

खरं सांगू? कोणी विचारत नव्हतं, याचं मला बरंच वाटत होतं.

मग या फेब्रुवारीत उज्ज्वला आली. अमरावतीची मुलगी, बंद पडलेल्या छोट्या रेडिओ केंद्रांवर काहीतरी मोठं लिहून राहिली होती. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "पळसवाणीच्या नाजिश मॅडम तुम्हीच ना?"

मॅडम! तांड्यावरच्या बाया मला रेडिओवाली बाई म्हणायच्या, बाजारातले लोक अशफाकभाईची पोरगी म्हणायचे. मॅडम आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी लगेच स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला. एका मॅडममध्ये माणूस फसतो तो असा.

मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. एका संस्थेला परवाना मिळाला, बाजार समितीच्या जुन्या गोदामावर एक खोली मिळाली, टॉवर उभा राहिला, मशीन आली. पण बोललं की खोलीत आवाज घुमायचा. कोणी म्हणे, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. आमचे केंद्रप्रमुख गोविंदसिंग सर माळकरी, अंड्याचा ट्रे खोलीत आणायचं नाव काढलं की हात जोडायचे. शेवटी अब्बांनी दुकानातल्या जुन्या रजया दिल्या आणि आम्ही त्या खिळे ठोकून चारही भिंतींवर टांगल्या. उन्हाळ्यात आत बसलं की माणूस उकडून निघायचा, पण आवाज असा गोड यायचा की अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मेरी रजई में से निकल रही है."

सरांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, नाजिश, शुद्ध बोलायचं. तेव्हापासून माझी जीभ अर्धी पुस्तकात आणि अर्धी बाजारात अडकली आहे, ती आजही सुटली नाही. सकाळी तुरीचे भाव, दुपारी गाणी, संध्याकाळी 'हरवलं-सापडलं', त्यात निम्म्याहून जास्त शेळ्या. एक माणूस तर शपथ घेऊन सांगायचा की त्यानं आम्हाला किन्हीराजाला ऐकलं. एवढ्या लांब आमचा आवाज जाणं शक्यच नाही, पण त्याला काहून नाही म्हणायचं?

"आणि 'खुशाली'?" उज्ज्वलानं विचारलं.

म्हणजे पोरीनं अभ्यास केला होता.

'खुशाली' ही गोविंदसिंग सरांची कल्पना. ते स्वतः तांड्यावरचे. दिवाळी झाली की आमच्याकडचे अर्धे तांडे ऊसतोडीला निघून जातात, मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतले पोट्टे, नाहीतर एखादी लेकुरवाळी. झरीचा तांडा तर नदीकाठच्या खळग्यात. तिथं मोबाइलला रेंज नाही, आजही नाही, पण आमचा रेडिओ खणखणीत वाजायचा. सरांनी डोकं लावलं. तोडीवरच्या माणसानं संध्याकाळी सहाच्या आत आमच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, कट. एक रिंग म्हणजे मी ठीक आहे. आमच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव उमटायचं आणि सात वाजता मी वाचायचे. "सेवालाल, झरीचा तांडा, खुशाल. रामधन, झरीचा तांडा, खुशाल. नवीन, झरीचा तांडा, खुशाल." बस्स, एवढंच. पाच तांड्यांची मिळून एकशे बारा नावं.

सरांचे नियम दोन. तीन दिवस कोणाची रिंग आली नाही, तर आपण उलटा फोन लावून चौकशी करायची. आणि ज्याची रिंग नाही, त्याचं नाव नाही.

उज्ज्वला सगळं लिहून घेत होती. मग तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मॅडम, मिस्ड कॉल मोजायची सोय संस्थेनं केली होती. महिन्याचा आकडा थेट मुख्य कार्यालयात जायचा. हे बघा. चार वर्षांपूर्वीचा शेवटचा हंगाम. डिसेंबरमध्ये रोज शंभराच्या वर. जानेवारीच्या शेवटी चाळीस. फेब्रुवारीत अकरा, मग चार. मार्चमध्ये शून्य. त्यावरूनच श्रोते उरले नाहीत असा शेरा मारून केंद्र बंद केलं."

"हाव, माहीत आहे मला."

"आणि हे फेब्रुवारीतलंच एका संध्याकाळचं रेकॉर्डिंग. नियमाप्रमाणे तीन महिन्यांचं सांभाळून ठेवावं लागतं, म्हणून सरांच्या हार्डडिस्कवर राहिलं. मी ऐकलं आणि नावं मोजली." तिनं आकड्यावर बोट ठेवलं. "त्या दिवशी रिंगा आल्या अकरा. तुम्ही नावं वाचली एकशे बारा. बाकीची कुठून आली?"

मी भडकले. "तू रेडिओचा इतिहास लिहून राहिली का माझी उलटतपासणी घेऊन राहिली?" असं म्हटलं, अजून बरंच काही म्हटलं, शेजारचा मोबाइलवाला डोकावून गेला एवढ्या मोठ्यानं म्हटलं. पोरगी हलली नाही. रागावलीही नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली, जशी लहान मुलं बघतात ना, की मग काय झालं? मला वाटतं त्या बघण्यानंच माझं अवसान गळालं. चार वर्षं मलाही हेच तर पाहिजे होतं, कोणीतरी विचारावं.

सांगितलं मग. दोन जानेवारीला रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि सबंध तालुक्याचं नेटवर्क गेलं. सात वाजायला आले, स्क्रीन कोरी. एकही नाव नाही. नियमाप्रमाणे मी म्हणायला पाहिजे होतं, आज रिंगा येऊ शकल्या नाहीत. पण माझ्या डोळ्यासमोर त्या म्हाताऱ्या आल्या, कान लावून बसलेल्या. एकशे बारा घरांत एकाच वेळी जीव टांगणीला लावायचा? मी कालची यादी घेतली आणि वाचून टाकली. कोणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी नेटवर्क आलं, पण सहा-सात जणांची रिंग नव्हती. विसरले असतील, म्हटलं. त्यांचीही नावं घेतली. तिसऱ्या दिवशीही घेतली. असं करत करत पंधरा दिवसांत यादी पाठ झाली, मी डोळे मिटून वाचायला लागले. आणि उलटा फोन लावायचा नियम? नाव तर रोज वाचलं जातंय, मग फोन कोणाला लावणार? तो नियम मी विसरूनच गेले.

"पण रिंगा कमी काहून झाल्या, ते मला अजूनपर्यंत कळलं नाही," मी म्हटलं. "देवाशपथ नाही कळलं. रोज आकडा पाहायची, रोज कमी."

उज्ज्वलाचे डोळे चमकले. "मग तांड्यावर जाऊन विचारू या ना!"

मी काउंटरवरचे कागद उगाच सारखे करायला लागले. कारण झरीच्या तांड्यावर भागिरथा राहते.

भागिरथा म्हणजे रामधनची बायको. त्या वर्षी अकरा फेब्रुवारीला तिकडे कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली आणि रामधन खाली सापडला. दुपारी गेला. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आणि आदल्या संध्याकाळी सात वाजता, तो जाऊन चार-पाच तास झालेले असताना, मी माझ्या शुद्ध भाषेत, गोड आवाजात सांगितलं होतं, रामधन, झरीचा तांडा, खुशाल.

भागिरथानं ते ऐकलं का? चार वर्षं मला ह्या एका प्रश्नानं पोखरलं. तिला तोवर बातमी कळली नसेल आणि माझं ऐकून ती निश्चिंत जेवली असेल, तर? नाहीतर कळली असेल आणि त्याच्यावर माझं हे, तर? कोणतं जास्त वाईट, तेही ठरवता येत नव्हतं. ती बाजाराच्या दिवशी मानोऱ्यात येते. लांबून तिची ओढणी दिसली की मी शटर अर्धं ओढून मशीनच्या मागे खाली बसते. एवढी मोठी बाई, मशीनच्या मागे! गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारतात.

मी उज्ज्वलाला म्हटलं, "अकरा फेब्रुवारीला रामधनची रिंग आहे का बघ."

तिनं खाली-वर केलं. "नाही. त्याची शेवटची रिंग एकोणीस जानेवारीची."

म्हणजे तीन आठवडे मी त्याला खुशाल ठेवला होता. काहीही माहीत नसताना. मी शटर पूर्ण ओढलं आणि तिच्या स्कुटीवर मागे बसले. आज विचारलं नाही तर मग मरेपर्यंत मशीनच्या मागे बसायचं, असं मनाशी म्हटलं.

झरीचा तांडा फेब्रुवारीत असतो तसाच होता. दहातल्या सात घरांना कुलूप, दोन कुत्री, अंगणात तुरीच्या काड्यांचे ढीग. पहिल्याच घरासमोर सेवालालची आई रुपाबाई खाटेवर बसली होती. मला पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "अवो माय! रेडिओवाली बाई! चार सालानं रस्ता सापडला का वं तुले?"

तिच्या मागं खुंटीला रेडिओ टांगलेला होता. त्याला कापडी पिशवी शिवली होती, आरसे लावलेली.

मी उज्ज्वलाची ओळख करून दिली. बसलो, पाणी झालं. मग मीच सरळ विचारलं, "मावशी, एक सांगा. शेवटल्या साली तुमच्या पोरांनी रिंगा देणं काहून बंद केलं?"

रुपाबाई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"तुयाच पायी, दुसरं काय! सेवालाल ताप घेऊन परत आल्ता, संक्रांतीच्या टायमाले. ह्याच खाटीवर पडेल होता, गोधडी डोक्यावरून. सात वाजले. तू म्हनलं, सेवालाल, झरीचा तांडा, खुशाल! त्यानं गोधडीतून मुंडकं काढलं न् मले म्हनते, माय, मी खुशाल हाय म्हनते! हासू हासू आमचं पोट दुखलं. तवा कळलं आमाले, बाई मनानंच वाचते."

माझे कान तापले. "मग तुम्ही काही बोलल्या नाही?"

"काय बोलाव? तो बरा झाला, परत गेला, तिकडं पाची तांड्याच्या साऱ्याईले सांगतलं. तिकडं रेंज नाई ना त्याईले. रिंग देयाले कॅनॉलच्या पाळीवर जा लागे, लय दूर. दिवसभर मोळ्या बांधून आंग मोडते. सेवालाल म्हने, कायले जाता तिकडं? बाई वाचतेच. एकानं सोडलं, दोघानं सोडलं, मंग साऱ्याईनंच सोडलं."

उज्ज्वलाचा पेन थांबला.

म्हणजे हे असं होतं. मी माया केली, लोकांनी माझ्यावर भरोसा टाकला, भरोसा टाकला म्हणून रिंगा थांबल्या, आणि रिंगा थांबल्या म्हणून मुख्य कार्यालयातल्या कोणीतरी कागदावर लिहिलं की पळसवाणी कोणी ऐकत नाही. आणि ज्या दिवशी गोदामाच्या खोलीला कुलूप लागलं, त्या दिवशीही या तांड्यावर सात वाजता घरोघर रेडिओ लावलेला होता. वीज नाही, मोबाइल नाही, नजर नाही. सेवालालच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं मला, आणि दुसरी माझ्या स्वतःच्या.

"मावशी, मी मनानं वाचते हे माहीत होतं, मग ऐकत काहून होत्या तुम्ही?"

"घे! अन् काय करू? घरात मी एकटी. पोराचं नाव घेनारं दुसरं कोन हाय इथं? भिंतीसंगं बोलू?" असं म्हणून तिनं मान वळवली आणि शेजारच्या अंगणाकडे हाक दिली. "भागिरथे! वं भागिरथे! पाह्य कोन आलं!"

उठून जावं म्हटलं, पण स्कुटी उज्ज्वलाची होती.

भागिरथा तुरी बडवत होती, तशीच आली, केसांवर भुसा, हातात काठी. माझ्यापेक्षा लहानच असेल ती. समोर येऊन उभी राहिली, मला नीट न्याहाळलं.

"आज शटर नाई ओढलं?" ती म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. चार वर्षं दर बाजारच्या दिवशी तिला माहीत होतं. मला रडू आलं, राग आला, सगळं एकदम आलं. मी म्हटलं, "भागिरथा, मले एकच सांग. त्या दिवशी सात वाजता मी रामधनचं नाव वाचलं. ऐकलं का तू?"

शुद्ध-बिद्ध सगळं गेलं होतं तोंडातून.

"ऐकलं."

ती खाली बसली, काठी बाजूला ठेवली. रुपाबाईही आता हसत नव्हती.

"मुकादमाचा भाऊ पाच वाजता मानोऱ्याहून गाडीवर निरोप घेऊन आल्ता," भागिरथा म्हणाली. "घर बायाईनं भरलं होतं. सात वाजाले आले तं कोनीतरी रेडिओ बंद कराले उठलं. मी म्हनलं, राहू द्या."

"काहून वं?"

"मले माहीत होतं ना, तू मनानं वाचतेस. सेवालालची गोठ साऱ्या तांड्याले माहीत होती. म्हनून तं राहू द्या म्हनलं. घरातल्या साऱ्याईले कळलं होतं तो गेला. पोट्ट्याईले कळलं होतं. तुले तेवढं माहीत नव्हतं. त्याले खुशाल म्हननारी तू एकटीच राह्यली होती." तिनं केसांतला भुसा झटकला. "दोन्ही पोट्टे मांडीवर घेतले न् ऐकलं. रामधन, झरीचा तांडा, खुशाल."

उज्ज्वलानं वही मिटून टाकली होती. मी भागिरथाचा हात धरला. "माफ कर वं मले. लय मोठी चूक झाली माही."

"त्याची माफी नोको मागू," ती म्हणाली. तिनं हात सोडवला नाही, पण आवाज कडक झाला. "दुसऱ्या दिवशीची माग."

"दुसऱ्या दिवशी काय केलं मी?"

"दुसऱ्या दिवशी बी लावला मी रेडिओ. तू सेवालाल म्हनलं. त्याच्या मांगं रामधन येते, मी वाट पाहून राह्यली. तू नवीन म्हनलं. थांबली बी नाई. एक श्वास बी नाई घेतला. जसा तो कदी यादीत नव्हताच." ती माझ्याकडे बघत होती. "तवा रडली मी. तोवर नव्हती रडली."

त्या सकाळी बातमी कळल्यावर मी यादीतलं ते नाव पेनानं खोडलं होतं आणि संध्याकाळी आवाज कापू नये म्हणून पाण्याचा घोट घेऊन, भराभर वाचून मोकळी झाले होते. आपण किती सावरलं स्वतःला, असंच वाटलं होतं तेव्हा.

रुपाबाईनं खुंटीवरच्या रेडिओकडे पाहिलं. "यादी पाठ हाय का वं अजून?"

"हाय," मी म्हटलं.

"मंग वाच."

सात वाजले नव्हते, साडेचार होत होते. मी ओढणी सारखी केली, पाठ ताठ केली, रजयांच्या त्या खोलीत बसायची तशी बसले.

"सेवालाल, झरीचा तांडा, खुशाल," मी म्हटलं.

"रामधन, झरीचा तांडा."

आणि थांबले. भागिरथानं डोळे मिटले होते. अंगणात कोंबड्या तुरीचे दाणे टिपत होत्या. मी पूर्ण एक श्वास घेतला, सोडला, आणि मग पुढचं नाव वाचलं.